पीएसक्यूएल हाताला बसवायचं कसं: पोस्टग्रेसच्या कमांड लाईनवर नव्याने आलेल्यांसाठी

पोस्टग्रेस हा डेटाबेस शिकायला घेतला की पीएसक्यूएल या त्याच्या कमांड लाईन टूलशी गाठ पडतेच, आणि बरेच जण थोड्याच दिवसांत कंटाळून पीजीअ‍ॅडमिन नाहीतर डीबीव्हर अशी माऊसने चालणारी टूल्स उघडून बसतात. कारणं पण ठरलेली, टेबल जरा रुंद असलं की ओळी तुटून काहीच वाचता येत नाही, नल (म्हणजे मूल्यच भरलेलं नाही) कुठला आणि रिकामी स्ट्रिंग कुठली ते दिसत नाही, एंटर दाबलं तरी काहीच होत नाही, आणि बाहेर कसं पडायचं तेही कळत नाही. टूल खरं तर फार ताकदीचं आहे, फक्त त्याच्या डीफॉल्ट सेटिंग्ज जुन्या वळणाच्या आहेत आणि त्या एकदा बसून बदलाव्या लागतात.

पण नुसत्या सोयीच्या सेटिंग्ज सांगून थांबायचं नाहीये मला. तुम्ही हाताने टाईप करत वापरता ते पीएसक्यूएल आणि स्क्रिप्टमधून किंवा क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारं टूल) चालतं ते पीएसक्यूएल, या दोघांना वेगवेगळी शिस्त लागते. हाताने वापरताना स्वतःची सोय बघायची, डोळ्याला बरं दिसेल तसं लावायचं. स्क्रिप्टमध्ये मात्र एकच बघायचं की ती प्रत्येकाच्या मशीनवर अगदी सारखीच चालली पाहिजे. हे दोन वेगळे ठेवले की निम्मे त्रास आपोआप जातात, म्हणून लेखाचेही तसेच दोन भाग झालेत.

सुरू करायच्या आधी एक, कमांड्स मी इथे वाचतो तशा देवनागरीत लिहितोय, टाईप करताना अक्षरं आणि आकडे रोमन घ्या. वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं छोटी.

पायरी १: आत जा, बाहेर या

उबुंटू किंवा डेबियनवर पोस्टग्रेस टाकलं आणि नुसतं पीएसक्यूएल मारलं की पहिला एरर येतो तो असा की तुमच्या नावाचा रोलच (म्हणजे पोस्टग्रेसमधला युजर) नाहीये. मग कोणीतरी सांगतं -यू (मोठा) देऊन पोस्टग्रेस युजरने जा, तर पीअर ऑथेंटिकेशन फेल. हे बिघडलेलं नाहीये, ते असंच ठरवलेलं आहे: लोकल सॉकेटवरून आलात तर लिनक्सचा युजर आणि डेटाबेसचा रोल एकाच नावाचे असायला लागतात. म्हणून आधी एकदा

सुडो -यू पोस्टग्रेस क्रिएटयूजर --क्रिएटडीबी तुमचं_नाव

असं करा (इथला -यू छोटा, कारण तो सुडोचा आहे, पीएसक्यूएलचा नाही) आणि मग स्वतःच्या युजरने नुसतं क्रिएटडीबी मारा. ही दुसरी कमांड कशाला, तर डेटाबेसचं नाव दिलं नाही की पीएसक्यूएल तुमच्या युजरच्याच नावाचा डेटाबेस शोधतं, आणि तो नसला की डेटाबेस अस्तित्वात नाही म्हणून सांगतं. नवख्यांना वाटतं आपला सगळा डेटा गेला, तर तसं काही नसतं.

बाहेर पडायला \क्यू किंवा कंट्रोल-डी. आवृत्ती ११ पासून सरळ क्विट किंवा एक्झिट लिहिलं तरी चालतं.

आता एंटर दाबलं आणि काहीच झालं नाही हा प्रकार. नव्वद टक्के वेळा शेवटचा अर्धविराम राहिलेला असतो. पीएसक्यूएल ते तुम्हाला सांगत असतं, फक्त हळू आवाजात: प्रॉम्प्टमध्ये डेटाबेसच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह असतं, ते क्वेरी अर्धी असली की डॅश होतं, कंस उघडा राहिला तर कंस दिसतो, अवतरण चिन्ह उघडं राहिलं तर अवतरण चिन्ह. हे एक चिन्ह बघायची सवय लावली की खूप वेळ वाचतो. अडकलात तर कंट्रोल-सी, किंवा \आर ने अर्धवट क्वेरी पुसून टाका, आणि काय टाईप झालंय ते बघायचं असेल तर \पी. लांब क्वेरी असेल तर \ई मारा, ती सरळ एडिटरमध्ये उघडते, शेवटी अर्धविराम असेल तर सेव्ह करून बाहेर आलात की चालते.

पायरी २: स्वतःची आरसी फाईल

होम फोल्डरमध्ये .पीएसक्यूएलआरसी नावाची फाईल बनवा. विंडोजवर ती अ‍ॅपडेटाच्या आत पोस्टग्रेएसक्यूएल फोल्डरमध्ये पीएसक्यूएलआरसी.कॉन्फ या नावाने असते. पीएसक्यूएल सुरू होताना ही फाईल वाचतं, म्हणजे आत जाऊन जे जे टाईप कराल ते सगळं इथे लिहून ठेवता येतं. माझ्या मते सुरुवातीला एवढं पुरे:

\सेट क्वाएट १
\पीसेट नल '∅'
\पीसेट लाईनस्टाईल युनिकोड
\एक्स ऑटो
\टायमिंग ऑन
\सेट हिस्टकंट्रोल इग्नोअरबोथ
\सेट हिस्टसाईझ ५०००
\सेट हिस्टफाईल ~/.पीएसक्यूएल_हिस्टरी- :डीबीनेम
\सेट ऑन_एरर_रोलबॅक इंटरअ‍ॅक्टिव्ह
\अनसेट क्वाएट

यात \सेट आणि \अनसेट नंतरची जी नावं आहेत (क्वाएट, हिस्टकंट्रोल, हिस्टफाईलमधलं डीबीनेम वगैरे) ती सगळी मोठ्या अक्षरांत लिहायची, आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण छोट्या अक्षरांत लिहिलं तर पीएसक्यूएल एरर देत नाही, गुपचूप त्या नावाचं एक नवीन व्हेरिएबल तयार करतं आणि तुमची सेटिंग लागतच नाही. तुम्ही मात्र ती लागली आहे असं धरून चालता.

पहिली आणि शेवटची ओळ एवढ्यासाठी की सुरू होताना प्रत्येक सेटिंगची दवंडी पिटली जाऊ नये. नलची ओळ माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाची, मोबाईल नंबरच्या कॉलममध्ये नल आहे की रिकामी स्ट्रिंग आहे हे नुसतं बघून कळायलाच पाहिजे, नाहीतर पुढे इज नल लावून रेकॉर्ड शोधता आणि ते सापडत नाहीत. तुमच्या टर्मिनलच्या फाँटमध्ये ते चिन्ह नसेल तर कंसात नल लिहा, फक्त डेटामध्ये कधीच येणार नाही असं काहीतरी निवडा.

\एक्स ऑटो म्हणजे ओळ स्क्रीनमध्ये मावत नसेल तर टेबल उभं दाखवायचं, एका खाली एक कॉलम. नवीन आहात तोवर हे ठेवा. पुढे पुढे ज्यांना एका वेळी पन्नास ओळी आडव्या बघायच्या असतात ते हे बंद करतात आणि पेजर (लांब आऊटपुट पानापानाने दाखवणारा प्रोग्रॅम) म्हणून लेसला -एस (मोठा) देऊन वापरतात, म्हणजे ओळ तुटत नाही आणि बाणाच्या कीने उजवीकडे सरकता येतं. पेजर ठरवायला पीएसक्यूएल_पेजर नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, आवृत्ती ११ पासून. याच कामासाठी पावेल स्टेहुले यांनी पीएसपीजी नावाचा खास पेजर लिहिलाय, त्यात वरची हेडिंगची ओळ आणि डावीकडचा कॉलम जागेवर थांबतो आणि बाकीचं सरकतं, रोज डेटाबेसमध्ये काम असेल तर जरूर टाकून बघा. आणि एकाच क्वेरीपुरतं उभं हवं असेल तर अर्धविरामाच्या जागी \जीएक्स लिहायचं. मायएसक्यूएलवरून आलेल्यांना बॅकस्लॅश मोठ्या जीची सवय असते, त्याचं हे पोस्टग्रेसमधलं भावंडं समजा.

हिस्टफाईलच्या ओळीमुळे प्रत्येक डेटाबेसची हिस्टरी वेगळी राहते. दोन्हीकडच्या डेटाबेसची नावं वेगळी असतील तर वरचा बाण दाबल्यावर टेस्टवर चालवलेलं डिलीट प्रॉडक्शनवर समोर येत नाही. आणि इग्नोअरबोथ मुळे ओळीच्या सुरुवातीला स्पेस दिली की ती हिस्टरीत जात नाही, पासवर्ड असलेली क्वेरी वगैरे असेल तेव्हा उपयोगी.

ऑन_एरर_रोलबॅक बद्दल थोडं सविस्तर. पोस्टग्रेसमध्ये बिगिन करून चार क्वेऱ्या चालवल्या आणि पाचवीत स्पेलिंग चुकलं, की पूर्ण ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा क्वेऱ्यांचा गट) बाद होतं, नंतर काहीही चालवा, ट्रान्झॅक्शन अबॉर्ट झालंय एवढंच ऐकायला मिळतं आणि रोलबॅक करण्याशिवाय गत्यंतर नसतं. ही सेटिंग इंटरअ‍ॅक्टिव्ह ठेवली की पीएसक्यूएल प्रत्येक क्वेरीच्या आधी मागच्या मागे एक सेव्हपॉईंट घेतं आणि चूक झाली तर तेवढ्यापुरतंच मागे जातं. इंटरअ‍ॅक्टिव्हच ठेवा, नुसतं ऑन नको, कारण फाईलमधून चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये चूक झाल्यावर पुढे जाणं आपल्याला मुळीच नको असतं.

काही जण ऑटोकमिट ऑफ ठेवायला सांगतात. मी सांगणार नाही. ते ठेवलं की साधं सिलेक्ट केलं तरी ट्रान्झॅक्शन उघडतं, तुम्ही चहाला जाता, आणि ते उघडंच राहतं. तिकडे व्हॅक्यूमला जुन्या ओळी साफ करता येत नाहीत, कोणाचं ऑल्टर टेबल तुमच्या लॉकमागे थांबतं आणि त्याच्या मागे अख्खी रांग लागते. त्यापेक्षा अपडेट किंवा डिलीट करायच्या आधी स्वतःच्या हाताने बिगिन लिहा, किती ओळी बदलल्या तो आकडा बघा, आणि मग कमिट. आकडा पटला नाही तर रोलबॅक.

पायरी ३: प्रॉम्प्टवर कळलं पाहिजे आपण कुठे आहोत

डीफॉल्ट प्रॉम्प्टमध्ये सर्व्हरचं नाव नसतं, फक्त डेटाबेसचं असतं. आणि टेस्टवर आणि प्रॉडक्शनवर डेटाबेसचं नाव बहुतेक ठिकाणी एकच असतं! म्हणून आरसी फाईलमध्ये ही ओळ घाला:

\सेट प्रॉम्प्ट१ '%एन@%एम %/%आर%एक्स%# '

प्रॉम्प्ट हा शब्द आणि एम हे मोठ्या अक्षरात, आर पण मोठा, एन आणि एक्स छोटे. एन म्हणजे युजर, एम म्हणजे होस्ट, तिरकी रेघ म्हणजे डेटाबेस, आर म्हणजे ते वर सांगितलेलं बरोबर किंवा डॅश. एक्सच्या जागी एरवी काही दिसत नाही, पण ट्रान्झॅक्शन उघडं असलं की तारा येतो आणि ट्रान्झॅक्शन बाद झालं असेल तर उद्गारचिन्ह. शेवटच्या चिन्हावरून सुपरयुजर आहात का ते कळतं, सुपरयुजरला हॅशचं चिन्ह (#) आणि बाकीच्यांना मोठेपणाचं (>). तारा दिसत असताना जागेवरून उठायचं नाही, एवढी एक सवय लावून घ्या.

पायरी ४: कनेक्शनला नावं द्या

होस्ट, पोर्ट, युजर, डेटाबेस असं दर वेळी टाईप करत बसलात की कधी ना कधी चुकीच्या मशीनवर जाल. त्यापेक्षा होममध्ये .पीजी_सर्व्हिस.कॉन्फ फाईल करा. चौकोनी कंसात नाव, खाली एकेक ओळ:

[हिशेब_प्रॉड]
होस्ट=...
पोर्ट=५४३२
डीबीनेम=हिशेब
युजर=वाचक
ऑप्शन्स=-सी डीफॉल्ट_ट्रान्झॅक्शन_रीड_ओन्ली=ऑन

आणि मग पीएसक्यूएल सर्व्हिस=हिशेब_प्रॉड एवढंच मारायचं. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस टाकू नका. हीच सर्व्हिसची नावं पीजी_डम्पला (बॅकअप काढणारं टूल) आणि लिबपीक्यूवर (पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी) चालणाऱ्या बाकीच्या टूल्सनाही कळतात, पायथनच्या सायकोपीजीलासुद्धा, म्हणजे एकदा लिहिलं की सगळीकडे एकच नाव चालतं.

शेवटची ओळ मला फार आवडते. त्याने प्रॉडक्शनवरचं तुमचं प्रत्येक ट्रान्झॅक्शन फक्त वाचण्यापुरतं सुरू होतं, चुकून अपडेट मारलात तर एरर येतो. हे कुलूप नाहीये हे मात्र लक्षात ठेवा, कोणीही आत जाऊन ते सेटिंग बदलू शकतं. खरी सुरक्षा रोलच्या परवानग्यांमधून येते, हे फक्त हात घसरू नये म्हणून.

पासवर्ड या फाईलमध्ये ठेवू नका, कमांड लाईनवर तर अजिबात नको कारण त्याच मशीनवरच्या दुसऱ्या माणसाला पीएस मारून तो दिसू शकतो. त्यासाठी .पीजीपास नावाची वेगळी फाईल आहे, एका ओळीत होस्ट, पोर्ट, डेटाबेस, युजर आणि पासवर्ड, मध्ये कोलन. पहिल्या चारांपैकी कुठेही तारा चालतो. जी ओळ पहिली जुळेल ती घेतली जाते, म्हणून तारावाल्या ओळी खाली ठेवा. लिनक्सवर आणि मॅकवर फाईलची परमिशन ०६०० करा, नाहीतर पीएसक्यूएल ती वापरत नाही आणि पासवर्ड विचारत बसतं.

पायरी ५: \डी चं घराणं

ही नावं पाठ करायची गरज नाही, त्यात एक पद्धत आहे ती समजून घ्या. \डी म्हणजे दाखव, पुढचं अक्षर म्हणजे काय दाखव: टी टेबल, आय इंडेक्स, व्ही व्ह्यू, एफ फंक्शन, एन स्कीमा (डेटाबेसमधले टेबलांचे कप्पे), यू रोल. पुढे अधिक चिन्ह लावलं की जास्त माहिती, टेबलची साईझ वगैरे, आणि मोठा एस लावला की सिस्टिमच्या गोष्टीपण. डेटाबेसची यादी मात्र \एल, ती या पद्धतीत बसत नाही. नावाच्या जागी तारा घालून शोधता येतं, \डीटी बिल* म्हटलं की बिलने सुरू होणारी सगळी टेबलं.

टेबल आहे हे माहितीये पण \डीटी मध्ये दिसत नाही, असं झालं तर दोन शक्यता तपासा. एक म्हणजे ते दुसऱ्या स्कीमात आहे आणि ती तुमच्या सर्च_पाथमध्ये (नावं शोधायच्या स्कीमांची यादी) नाही, तेव्हा \डीटी *.* करून बघा. दुसरी म्हणजे ओआरएमने (कोडमधून टेबलं बनवणारी लायब्ररी) टेबल बनवताना नावात मोठं अक्षर वापरलंय. पोस्टग्रेस अवतरण चिन्हाबाहेरची नावं छोटी करून घेतं, पीएसक्यूएलचे पॅटर्नही तसंच करतात, त्यामुळे असं नाव दुहेरी अवतरणात द्यावं लागतं.

शिकण्यासाठी एक उत्तम गोष्ट: पीएसक्यूएल -ई (मोठा) देऊन सुरू करा. प्रत्येक \डी च्या मागे पीएसक्यूएल सर्व्हरला जी खरी क्वेरी पाठवतं ती स्क्रीनवर छापली जाते. सिस्टिम कॅटलॉग (पोस्टग्रेस स्वतःची माहिती ठेवतं ती टेबलं) समजून घ्यायला यापेक्षा सोपा रस्ता नाही.

कमांड आठवत नसली तर \? मध्ये सगळ्या बॅकस्लॅशवाल्या, आणि \एच ऑल्टर टेबल असं म्हटलं की एसक्यूएलचं व्याकरण तिथल्या तिथे.

पायरी ६: स्क्रिप्ट, इथे नियम बदलतात

आरसी फाईलमध्ये जे जे लावलं ते स्क्रिप्टसाठी घातक ठरू शकतं. टायमिंग ऑन असेल तर प्रत्येक क्वेरीनंतर वेळेची ओळ त्याच आऊटपुटमध्ये छापली जाते, म्हणजे तुमच्या सीएसव्ही फाईलच्या तळाला एक भलतीच ओळ. नलच्या जागी ते ∅ सीएसव्हीमध्येही जातं, आणि अकाऊंट्सवाल्यांनी ती फाईल एक्सेलमध्ये उघडली की फोन येतो. ९.६ च्या आधी -सी ने एक कमांड दिली की आरसी फाईल वाचली जात नव्हती, ९.६ पासून वाचली जाते. जुनी माहिती वाचून लिहिलेल्या स्क्रिप्ट इथे फसतात. म्हणून स्क्रिप्टमध्ये पीएसक्यूएल लिहिलं की पुढचा शब्द --नो-पीएसक्यूएलआरसी, डोळे मिटून. कोणाच्या होममध्ये काय आहे याच्याशी स्क्रिप्टचा संबंधच राहता कामा नये.

दुसरा नियम, स्क्रिप्टमध्ये एका अक्षराचे ऑप्शन वापरायचे नाहीत, पूर्ण नाव लिहायचं. हे नुसतं नीटनेटकेपणासाठी नाहीये. पीएसक्यूएल, पीजी_डम्प आणि पीजी_रिस्टोअर (बॅकअप परत भरणारं) एकाच घरातली टूल्स, होस्टला -एच, पोर्टला -पी, युजरला मोठा -यू हे तिन्हीकडे सारखं. पण पुढे बघा. -टी म्हणजे पीएसक्यूएलमध्ये हेडिंग काढून फक्त ओळी द्या, आणि पीजी_डम्पमध्ये अमुक टेबल घ्या. -एफ म्हणजे पीएसक्यूएलमध्ये ही फाईल वाच, पीजी_डम्पमध्ये या फाईलमध्ये लिही, बरोबर उलटं. -व्ही इथे व्हेरिएबल, तिथे जास्त बोलून सांग. -एस इथे एकेक क्वेरी विचारून चालव, तिथे फक्त स्कीमा. -ए इथे सगळं छापत जा, तिथे फक्त डेटा. -एक्स इथे उभं टेबल, तिथे परवानग्या वगळ. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे -सी: पीएसक्यूएलमध्ये ही कमांड चालव, पण पीजी_रिस्टोअरमध्ये --क्लीन, म्हणजे आधीचं ड्रॉप करून मग भर.

हे असं का झालं तर ही टूल्स एका दिवसात बसून आखलेली नाहीत. पीएसक्यूएल आलं पोस्टग्रेस९५ बरोबर, म्हणजे १९९४ मध्ये बर्कलेच्या अँड्र्यू यू आणि जॉली चेन यांनी पोस्टग्रेसला एसक्यूएल जोडलं त्या काळात, त्याआधीच्या मॉनिटर नावाच्या प्रोग्रॅमच्या जागी. तेव्हापासून प्रत्येक टूलला गरजेप्रमाणे अक्षरं मिळत गेली आणि आता ती बदलली तर जगभरच्या स्क्रिप्ट मोडतील. म्हणजे टूल बदलण्याची वाट बघण्यात अर्थ नाही, एकसारखेपणा आपल्या बाजूने आणायचा. --ट्यूपल्स-ओन्ली आणि --टेबल यांच्यात कोणाचा गोंधळ होणार नाही, --कमांड आणि --क्लीन यांच्यात तर नाहीच. सहा महिन्यांनी ती स्क्रिप्ट जो कोणी उघडेल त्याला मॅन्युअल न उघडता वाचता येते.

तिसरा नियम, चूक झाली की थांबायचं. पीएसक्यूएल फाईलमधून चालवताना डीफॉल्टला एका क्वेरीत एरर आला तरी पुढची चालवतं आणि शेवटी एक्झिट कोड (काम जमलं की नाही ते सांगणारा आकडा) शून्य देतं, म्हणजे क्रॉनला किंवा जेंकिन्ससारख्या ऑटोमेशन टूलला वाटतं सगळं झक्कास झालं. त्यासाठी ऑन_एरर_स्टॉप (मोठ्या अक्षरांत, विसरू नका). हे असलं की चूक होताच थांबतं आणि एक्झिट कोड ३ येतो. कनेक्शन तुटलं तर २, पीएसक्यूएलच्याच स्वतःच्या घातक चुकीसाठी १, सगळं ठीक तर ०. हे चार आकडे लक्षात ठेवले की मॉनिटरिंगमध्ये नेटवर्क गेलं का क्वेरी चुकली हे वेगळं कळतं.

--सिंगल-ट्रान्झॅक्शन लावलंय म्हणजे काळजी नाही असं काहींना वाटतं, पण नुसतं तेवढं लावलं आणि ऑन_एरर_स्टॉप विसरलात तर पहिल्या चुकीनंतर बाकी सगळ्या क्वेऱ्या नाकारल्या जातात, शेवटचं कमिट रोलबॅक होतं, आणि एक्झिट कोड तरीही शून्य. एक ओळसुद्धा गेलेली नसते आणि रिपोर्ट हिरवा. दोन्ही एकत्रच वापरा. तर साचा असा होतो:

पीएसक्यूएल --नो-पीएसक्यूएलआरसी --नो-पासवर्ड --क्वाएट --सेट=ऑन_एरर_स्टॉप=१ --सिंगल-ट्रान्झॅक्शन --फाईल=बदल.एसक्यूएल सर्व्हिस=हिशेब_टेस्ट

--नो-पासवर्ड कशाला, तर .पीजीपास सापडली नाही तर रात्री तीन वाजता पासवर्डची वाट बघत जॉब लटकून राहू नये, लगेच फेल व्हावा. --फाईल वापरा, फाईल आत ढकलणारं कमी-चिन्ह नको, कारण --फाईलने एररमध्ये फाईलचं नाव आणि ओळ नंबर मिळतो. बाहेर डेटा काढायचा असेल तर --सीएसव्ही, आवृत्ती १२ पासून आहे. उगाच स्वल्पविराम सेपरेटर लावून स्वतः सीएसव्ही बनवायला जाऊ नका, पत्त्यामध्ये स्वल्पविराम आला की कॉलम सरकतात.

अजून एक गोष्ट जिथे नवीन लोकांचा हमखास तास जातो. --सेट ने व्हेरिएबल दिलं आणि --कमांडमध्ये कोलन लावून ते वापरलं तर चालत नाही, सिंटॅक्स एरर येतो. --कमांडमधला मजकूर आहे तसा सर्व्हरला जातो, पीएसक्यूएलची व्हेरिएबल्स तिथे भरली जात नाहीत. तीच क्वेरी फाईलमध्ये ठेवली की चालते. आणि फाईलमध्ये वापरताना नुसतं कोलन नको, कोलन आणि मग एकेरी अवतरणात नाव लिहा, म्हणजे पीएसक्यूएल व्हॅल्यू नीट अवतरणात घालून देतं. शेलमध्ये डॉलर लावून क्वेरी जोडत बसलात तर नावात एक अवतरण चिन्ह आलं तरी क्वेरी मोडते, आणि कोणी मुद्दाम घातलं तर काहीही चालवता येतं.

पायरी ७: देवनागरी डेटा असेल तर

आपल्याकडे गावांची, माणसांची नावं मराठीत साठवलेली असतात आणि विंडोजच्या कमांड विंडोत ती प्रश्नचिन्हांसारखी दिसतात. डेटा बहुतेक वेळा नीट असतो, दाखवण्यात गडबड असते. पीएसक्यूएल सुरू होताना कोड पेजचा इशारा देत असेल तर आधी सीएचसीपी ६५००१ मारा, आत जाऊन \एन्कोडिंग यूटीएफ८ करा, आणि देवनागरी असलेला फाँट घ्या. डेटाच खराब आहे का ही शंका असेल तर लेंग्थ आणि ऑक्टेट_लेंग्थ बघा: यूटीएफ-८ डेटाबेसमध्ये 'मराठी' या शब्दासाठी ५ आणि १५ यायला पाहिजेत, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते आणि प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात.

टेबलच्या उभ्या रेघा देवनागरीमुळे वाकड्या होतात, जोडाक्षरं आणि मात्रा किती जागा घेतात याबद्दल पीएसक्यूएल आणि टर्मिनल यांचं एकमत नसतं म्हणून. त्यासाठी झगडू नका, अशा क्वेरीला \जीएक्स लावा नाहीतर सीएसव्ही काढून स्प्रेडशीटमध्ये बघा.

पायरी ८: टीममध्ये सगळ्यांचं सारखं

टीममध्ये चार जण असले तरी प्रॉम्प्ट आणि नलचं चिन्ह सारखं असावं, म्हणजे कोणी स्क्रीनशॉट पाठवला तर तो सगळ्यांना सारखाच वाचता येतो. रेपोमध्ये एक समाईक आरसी फाईल ठेवा आणि प्रत्येकाने आपल्या .पीएसक्यूएलआरसी मध्ये पहिली ओळ \आय आणि त्या फाईलचा पूर्ण पाथ अशी टाकायची, खाली आपापल्या आवडी. सर्व्हिसची नावंही आधी ठरवून घ्या, एकाने प्रॉड म्हणायचं आणि दुसऱ्याने लाईव्ह, असं नको.

मग वरच्या साच्याची एक छोटी शेल स्क्रिप्ट बनवलीत, तर तिचे ऑप्शन स्वतः शोधून काढू नका. पोस्टग्रेसची नावं आहेत तीच ठेवा, --होस्ट ला --सर्व्हर करू नका. एरर स्टँडर्ड एररवरच जाऊ द्या, डेटा स्टँडर्ड आऊटपुटवर, आणि पीएसक्यूएलचा एक्झिट कोड गिळू नका, तसाच पुढे द्या. नुसती चालवली, काहीच दिलं नाही, तर तिने कुठल्याही डेटाबेसला हात न लावता मदत छापून थांबावं. आणि तिला -एच चा अर्थ मदत असा देऊ नका, कारण पोस्टग्रेसच्या टूल्समध्ये -एच म्हणजे होस्ट, मदतीला --हेल्प.

शेवटचं म्हणजे आवृत्ती. नवीन पीएसक्यूएल जुन्या सर्व्हरशी चांगलं जुळवून घेतं, पण जुनं पीएसक्यूएल नव्या सर्व्हरला लावलं तर \डी सारख्या कमांड मोडू शकतात, कारण त्या सिस्टिम कॅटलॉगवर अवलंबून असतात आणि ते आवृत्तीगणिक बदलतात. कनेक्ट होताना तसा इशारा छापला जातो, तो वाचून पुढे जाऊ नका, थांबा आणि आधी क्लायंट अपडेट करा. कोणाच्या लॅपटॉपवर काय आहे ते पीएसक्यूएल --व्हर्जन ने लगेच कळतं. दोन आवृत्त्या ठेवाव्याच लागत असतील तर आरसी फाईलच्या नावापुढे डॅश आणि आवृत्तीचा नंबर लावून वेगळी फाईल करता येते, उदाहरणार्थ .पीएसक्यूएलआरसी-१६, आणि १६ वालं पीएसक्यूएल साध्या फाईलऐवजी तीच उचलतं.